चिन्नम्माचं नाव काय होतं?

मागच्या वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचनानंतर काही ना काही कार्यक्रम होत होता. कधी व्याख्यान, कधी मुलांचं वक्तृत्व. एका रविवारसाठी मी सुचवलं की ‘दासी’ हा तेलुगू सिनेमा दाखवू. आमचा तालुका नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यातला. निम्म्या घरांत तेलुगू सुना आहेत आणि जुन्या बायांना ती भाषा मराठीइतकीच येते. मला वाटलं, सगळे हो म्हणतील.

पण आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या काकांनी स्पष्ट विरोध केला. ते म्हणाले, “ताई, विहारात बाबासाहेबांचा विचार सांगायचा, का गढीतल्या बाईचे हाल दाखवायचे? आपल्या बायांनी ते भोगलंय. परत पडद्यावर कशाला? आणि तो सिनेमा काढणारा कम्युनिस्टांच्या चळवळीतून आलेला. आपला नव्हे.”

काकांनी पन्नास वर्षं चळवळीत घालवली आहेत. नामांतराच्या काळात लाठ्या खाल्लेला माणूस आहे. त्यांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. म्हणून त्यांना तेव्हा तोंडी जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहीत आहे. सिनेमा आम्ही दाखवला. त्यानंतर माझ्या घरात जे घडलं त्यामुळे माझंही मत होतं तसं राहिलं नाही.

आधी हा माणूस कोण ते सांगते. बी. नरसिंग राव. जन्म 1946, गाव प्रज्ञापूर, गजवेलजवळ, तेव्हाचा मेदक जिल्हा. घर खाऊन-पिऊन सुखी. चित्रकार, कवी, छायाचित्रकार आणि मग सिनेमावाले. सत्तरच्या दशकात हैदराबादेत त्यांनी मित्रांबरोबर कलाकारांचा एक गट उभा केला. त्याच गटात मेदक जिल्ह्यातल्याच तूप्रानचा एक दलित तरुण गाणी म्हणायला येऊ लागला. त्याचं नाव गुम्मडी विठ्ठल राव. पुढे सगळ्या देशाने त्याला गद्दर म्हणून ओळखलं.

नरसिंग रावांनी निर्माता म्हणून काढलेला पहिला सिनेमा ‘मा भूमी’, म्हणजे ‘आमची जमीन’. कृष्ण चंदर यांच्या ‘जब खेत जागे’ या उर्दू कादंबरीवर तो बेतलेला आहे. दिग्दर्शक बंगालचे गौतम घोष. त्यांचाही तो पहिलाच कथापट. 1979 साली तो तयार झाला आणि 1980 मध्ये थेटरात लागला. विषय तेलंगणाचा सशस्त्र लढा, 1946 ते 1951. त्यात घोंगडं पांघरून, हातात काठी घेऊन गद्दर गातो. ते गाणं बंडी यादगिरी या लढ्यातल्याच शाहिराचं. निजामाच्या सरकारला ‘तू कुठे जाशील ते बघतो’ असं ठणकावून विचारणारं गाणं. लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला.

नंतर ‘रंगुला कला’ (1983). त्यात नरसिंग राव स्वतः चित्रकाराच्या भूमिकेत आहेत. मग ‘मा ऊरू’ हा तेलंगणातल्या खेड्यावरचा माहितीपट. मग 1988 चा ‘दासी’ आणि 1990 चा ‘मट्टी मनुषुलू’, म्हणजे मातीची माणसं. ‘दासी’ला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: उत्कृष्ट तेलुगू चित्रपट, अभिनेत्री अर्चना, छायाचित्रणासाठी ए. के. बीर, कलादिग्दर्शनासाठी चित्रकार टी. वैकुंठम आणि वेशभूषेसाठी सुदर्शन. या सुदर्शनना तर लोक पुढे ‘दासी सुदर्शन’ म्हणूनच ओळखू लागले. मॉस्कोच्या महोत्सवातही सिनेमाचा गौरव झाला. एवढं नाव झालेल्या माणसाच्या कथापटांची संख्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. धंद्याच्या सिनेमात तो गेला नाही, आणि धंद्यानेही त्याला बोलावलं नाही.

यात एक गोष्ट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे. ज्या काळात तेलुगू सिनेमाचा नायक किनारपट्टीच्या आंध्राची शुद्ध भाषा बोलायचा आणि तेलंगणाची बोली नोकराच्या, गुंडाच्या नाहीतर हसवणाऱ्याच्या तोंडी असायची, त्या काळात या माणसाने ती बोली सन्मानाने पडद्यावर आणली. मराठी सिनेमात आपल्या वस्तीची भाषा कोणाच्या तोंडी घातली जायची हे आठवा, म्हणजे त्याचं मोल कळेल. बोलीला हसणारा आधी त्या बोलीच्या माणसाला हसत असतो.

आता ‘दासी’. काळ 1920 च्या आसपासचा, निजामाचं राज्य. गढीवरच्या मोठ्या घरातली मुलगी लग्न होऊन सासरी निघाली की तिच्याबरोबर आंदण म्हणून भांडीकुंडी जायची, गुरं जायची आणि एक मुलगीही जायची. तिला ‘आडबापा’ म्हणत. ती मालकिणीचे पाय धुणार, अंथरूण घालणार, आणि मालकाने बोलावलं की जाणार. पाहुण्यांसाठी सांगितलं तर तिकडेही जाणार. लग्न नाही, मजुरी नाही, नाही म्हणायची सोय नाही. अर्चनाने केलेली कमलाक्षी अशीच एक दासी आहे. तिला दिवस जातात. ते मूल ठेवायचं की नाही हे ती ठरवत नाही, गढी ठरवते. सिनेमात बोलणं फार थोडं आहे. अनवाणी पाय, पाण्याच्या घागरी, अंधाऱ्या खोल्या, मोठे दरवाजे. दासी दिवसभर चालत राहते आणि पोचत कुठेच नाही.

मी हा सिनेमा पहिल्यांदा एम.ए.ला असताना पाहिला होता. तेलंगणाचा लढा आम्हाला अभ्यासाला होता. द. ना. धनागरे यांचं शेतकरी चळवळींवरचं पुस्तक वाचलं, कूळ, मध्यम शेतकरी, देशमुख, जागीरदार असे तक्ते पाठ केले. वर्गात शिकवणाऱ्यांनी ‘सरंजामशाही’ हा शब्द इतक्या वेळा वापरला की वहीचं पान भरलं. जात मात्र एकदाच आली, तीही तळटीपेत. मी हात वर करून विचारलं होतं, “सर, वेट्टी करणारे कोण कोण होते?” उत्तर आलं, “गरीब शेतकरी आणि शेतमजूर.” मी खाली बसले. तेलुगूतला ‘वेट्टी’ आणि आपला ‘वेठ’ हे एकाच घरचे शब्द आहेत हे मला माहीत होतं. वेठ कोणाच्या नशिबी जन्मानेच येते हेही माहीत होतं. पण वर्गात ते म्हणण्याची हिंमत तेव्हा झाली नाही.

म्हणून काकांचा राग मला समजतो. ‘मा भूमी’त शत्रू दोरा, म्हणजे गढीवरचा मालक आहे, निजाम आहे. लढणारा शेतकरी आहे, मजूर आहे. जात आहे, पण पाठीमागे, उभ्या पिकात गवत असावं तशी. लढा खोटा होता असं माझं म्हणणं नाही. कडवेंडीच्या दोड्डी कोमरय्याने 4 जुलै 1946 ला गोळी खाल्ली. पालकुर्तीच्या चाकली ऐलम्मा या परीट समाजातल्या बाईने देशमुखाला आपलं पीक नेऊ दिलं नाही. ही माणसं कोणत्या जातींमधून आली होती ते पाहा, म्हणजे लढ्याचं रक्त कोणाचं होतं ते कळेल. पण लढ्याचा इतिहास लिहिताना ही जात पुसून ‘जनता’ केली गेली. बाबासाहेबांनी 1936 मध्येच बजावलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. आणि तीही एकाच्या डोक्यावर दुसरा अशी, उतरंडीसारखी. हे ज्याला दिसत नाही त्याला गढी दिसते, पण गढीच्या पायऱ्या दिसत नाहीत.

आणखी एक प्रश्न मला पडायचा. 17 जुलै 1985 ला कारमचेडूत मादिगांची कत्तल झाली. त्यानंतर आंध्रात दलित महासभा उभी राहिली, बोज्जा तारकम आणि कत्ती पद्माराव यांच्यासारखी माणसं पुढे आली. ‘दासी’ त्यानंतर तीन वर्षांनी आला. आजूबाजूला हे सगळं घडत असताना साठ वर्षांपूर्वीच्या गढीत कॅमेरा का नेला? मेलेल्या दोराला शिव्या देणं सोपं असतं, जिवंत दोरा शेजारी बसून सिनेमा बघत असतो. एम.ए.ला असताना मी असंच म्हणायचे, आणि वाद घालताना हा मुद्दा मला फार पक्का वाटायचा.

मग तो रविवार आला.

विहाराच्या भिंतीला पांढरी चादर बांधली. प्रोजेक्टर एका शिक्षकमित्राचा. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती मी मराठीत सांगत होते. थोड्याच वेळात लक्षात आलं की पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना माझी गरज नाही. त्या माझ्या आधी हुंकार देत होत्या. माझी आजी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. वय पंच्याऐंशीच्या पुढे, माहेर बोधनकडचं. सिनेमात नवरीबरोबर आलेल्या मुलीचा उल्लेख आला तशी ती मोठ्याने म्हणाली, “आडबापा.” हा शब्द तिच्या तोंडून मी जन्मात कधी ऐकला नव्हता.

सिनेमा संपल्यावर चर्चा ठेवली होती. एक सून म्हणाली, “ती बोलत का नाही? एवढं होतंय तर ओरडत का नाही?” कोणी काही म्हणायच्या आत आजी म्हणाली, “बोलून जायचं कुठं?” मग थोडं थांबून ती पुढे म्हणाली, “ही आतली हाय. आपल्या बाया बाहेरच्या. आपल्याला आत कुठं घेत व्हते?”

हे वाक्य मला माझ्या दोन वर्षांच्या एम.ए.ने शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर रात्री मी तिला विचारलं. तिने थोडं थोडं करून सांगितलं. गढीच्या आत पाणी भरणारी, अंथरूण घालणारी बाई आपल्या जातीची चालत नसे, विटाळ व्हायचा. आतली दासी दुसऱ्या जातींतली, जिच्या हातचं पाणी चालतं तिच्यातली. आपल्या बायांनी गोठ्यापर्यंत यायचं. शेण, गोवऱ्या, सरपण, खळं, शेत. उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर मार. पण गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे, शिवारात कोणाला विटाळ होत नव्हता. हे शेवटचं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

तिच्या आईची धाकटी बहीण अशीच बोधनकडच्या एका गढीवर वेठीला होती. वय असेल सोळा-सतरा. तिला दिवस गेले. कोणीतरी झाडपाला दिला. तिसऱ्या दिवशी तिला बैलगाडीतून आणून घरासमोर उतरवलं. रात्रीत ती गेली. पोलीस ॲक्शनच्या आधीची ही गोष्ट, आजी सहा-सात वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच की अंगणात गाडी उभी होती आणि बैल सोडले नव्हते, कारण गाडी लगेच परत न्यायची होती.

मी विचारलं, “आजी, तिचं नाव काय होतं?”

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मी चिन्नम्मा म्हणायची.”

चिन्नम्मा म्हणजे तेलुगूत मावशी, आईची धाकटी बहीण. ते नाव नव्हे. ते नातं आहे. तिचं नाव आजीला माहीत नाही. आजीची आई गेली, मामा गेले, ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले. मी बोधनकडच्या दोन गावांत जाऊन आले. वृद्ध बायांना विचारलं. एकीला गाडीची गोष्ट आठवली, नाव नाही. आमच्या घरी पुण्यानुमोदनाच्या वेळी गेलेल्या माणसांची नावं घेतात. त्यात ती कधीच नव्हती. ती होती हेच आमच्या पिढीला माहीत नव्हतं.

आता काकांच्या आक्षेपांकडे परत येते.

पहिला आक्षेप, आपल्या बायांनी भोगलेलं परत कशाला दाखवायचं. काका, आजीने ऐंशी वर्षं हे कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही नाही. एका परक्या माणसाने काढलेल्या सिनेमातला एक शब्द ऐकून तिचं तोंड उघडलं. दुःख दाखवणं म्हणजे दुःख उगाळणं, असं नेहमीच नसतं. कधी कधी तो साक्षीदाराला मारलेला पुकारा असतो. बाबासाहेबांनी 16 जून 1936 ला परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांसमोर भाषण केलं. त्यांनी त्या बायांना लपवलं नाही. त्यांना समोर बसवून, ही लाजिरवाणी जिंदगी सोडा, असं स्पष्ट सांगितलं. त्या कामाठीपुऱ्याचं नावही तेलंगणाकडून मुंबईला आलेल्या कामाठी मजुरांवरूनच पडलं आहे. आपल्या बाईची गोष्ट विहाराच्या बाहेर ठेवणं हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हता.

दुसरा आक्षेप, तो आपला नव्हे. हे मी अर्धं मान्य करते. नरसिंग राव दासीच्या घरातून आलेले नाहीत. त्यांचा कॅमेरा गढीच्या आत फिरतो. त्यांना आतली दासी दिसली, आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे दाखवली. बाहेरची, गोठ्याजवळची बाई त्यांच्या गोष्टीच्या मध्यभागी आली नाही. गुलामीलाही पायऱ्या असतात, तिथेही श्रेणीबद्ध असमानता असते, ही गोष्ट आजीने एका वाक्यात सांगितली ती सिनेमाला सांगता आली नाही. कमलाक्षीचं गप्प राहणं पडद्यावर परिणामकारक आहे, पण ते गप्प राहणं दिग्दर्शकाने निवडलेलं आहे. आपल्याकडे बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपात आलं, ‘दासी’च्या दोन वर्षं आधी. तिथे बाई गप्प नाही. ती बोलते, चिडते, आपल्या समाजातल्या पुरुषांनाही सोडत नाही. लेखणी स्वतःच्या हातात असण्याचा फरक तो हाच.

पण जो आपला नव्हे त्याचा पुरावाही घ्यायचा नाही, असं म्हटलं तर आपणच आपली साक्ष बुडवतो. न्यायालयात साक्षीदाराची जात बघून साक्ष फेकत नाहीत, ती तपासून घेतात. नरसिंग रावांच्या सिनेमाकडे मी तसं बघते. तपासायचं, उणीव सांगायची आणि वापरायचं.

गद्दरचंच बघा. ‘मा भूमी’त घोंगडं पांघरून गाणारा तो तरुण अनेक वर्षं लाल झेंड्याखाली राहिला. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात तो बाबासाहेबांचं संविधान हातात घेऊन फिरत होता. 6 ऑगस्ट 2023 ला तो गेला तेव्हा अल्वाल इथे त्याने उभ्या केलेल्या महाबोधी विद्यालयाच्या आवारात बौद्ध पद्धतीने त्याचे अंत्यसंस्कार झाले. आज तेलंगणा सरकारचे सिनेमाचे पुरस्कार त्याच्या नावाने दिले जातात. ‘तो आपला नव्हे’ म्हणून चाळीस वर्षांपूर्वी आपण त्याचं गाणं ऐकलंच नसतं तर नुकसान कोणाचं झालं असतं?

आणि माझा जुना आक्षेप, मेलेल्या दोराला शिव्या देणं सोपं असतं. तोही आता मी मागे घेते. संविधानाच्या कलम 23 ने वेठबिगार आणि माणसांचा व्यापार बंद केला. 1976 साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. ‘दासी’ आला त्याच 1988 साली आंध्रात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा झाला. कायदे आहेत. पण मी ज्या बायांबरोबर काम करते त्यांतल्या कित्येकजणी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाईचा खाडा झाला की दंड. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, सरकारला समिती नेमावी लागली. पाळी नको, दिवस जायला नकोत, कामात खंड नको. बाईच्या पोटात काय राहायचं हे तिच्याऐवजी दुसरंच कोणी ठरवतं. गढी पडली, तिचे दगड लोकांनी घरांना लावले, पण हा हुकूम अजून चालू आहे. आता तो मुकादमाच्या वहीतून येतो. ‘मट्टी मनुषुलू’मधली गाव सोडून शहरात दुसऱ्यांची घरं बांधायला गेलेली माणसं मला आमच्या तालुक्यातून हैदराबादला बांधकामावर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत दिसतात.

1986 मध्ये हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणा लढ्यातल्या बायांच्या तोंडच्या हकिगती गोळा करून पुस्तक काढलं. त्या बाया तेव्हा हयात होत्या, म्हणून ते झालं. आपल्या मराठवाड्यातही निजामाचं राज्य होतं, देशमुखी होती, गढ्या होत्या. 17 सप्टेंबरला दरवर्षी आपण झेंडा लावतो. त्या गढ्यांच्या गोठ्यात राबलेल्या आपल्या बायांची यादी कोणाकडे आहे?

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा. तिच्या आईचं, मावशीचं, आत्याचं नाव विचारा. नातं सांगितलं तर तिथे थांबू नका, नाव विचारा. गाव विचारा, गढी कोणाची ते विचारा. सिनेमा कोणीतरी पुढे काढेल, पुस्तक कोणीतरी लिहील. पण नाव एकदा गेलं की कोणालाही ते परत आणता येत नाही, हे मी दोन गावं फिरून शिकले.

काकांना हा लेख दाखवला. त्यांचं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. ते म्हणाले, “सिनेमाचं मी बघतो. पण मला सांग, माझी एक आत्या होती. तिचं नाव घरात कोणी घेत नाही. माझी थोरली बहीण अजून आहे. तिला विचारू का?”

मी म्हटलं, “काका, उद्या नको. आजच विचारा.”

जयभीम.